आबांच्या फोनवरचा ‘हो’

कोरेगाव,
गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

अहो,

तुमच्या सीमेवरच्या पोस्टवर फोन चालत नाही ते बरंच आहे. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. लोकरीचे मोजे पाठवलेत, ते घाला. इकडं तुमच्या आबांची शुगर आटोक्यात आहे, म्हैस आटलीय, आल्याच्या पिकाला पाऊस जरा जास्तच झालाय. माझं कामही बरं चाललंय.

बरं कसलं! तीन दिवस मी रजेवर आहे. तेच लिहायला बसले आणि म्हशीत अडकले बघा.

पुण्याच्या ऑफिसचं काम मी घरातून करते, पण त्यांच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात शिरायला नुसता पासवर्ड पुरत नाही. नोंदवलेल्या फोनवर विचारणा येते, शिवांजलीला आत घ्यायचं का? तिथं ‘हो’ दाबलं की दार उघडतं. लग्नानंतर फॉर्म भरताना मी आबांचा नंबर दिला. गॅस, बँक, रेशन, घरातल्या सगळ्या कागदांवर त्यांचाच असतो. नव्या सुनेनं स्वतःचा टाकणं बरं दिसलं नसतं. आणि नोकरी कसली, तर लोकांना शिकवायची, की आपला ‘हो’ दुसऱ्याच्या हातात देऊ नका!

पहिल्यांदा गंमत वाटायची. नऊ वाजता आबा टोपी, चष्मा घालून दाबायचे. पारावर सांगायचे, “माझ्या बोटाबिगर पुण्याची कंपनी उघडत न्हाई.” मग हळूहळू आधी च्या कर, आधी न्याहारी वाढ, मग ‘हो’. सहा वर्षं हेच चाललंय.

नागपंचमीला शिराळ्याला माहेरी गेले होते. चार दिवस राहायचं म्हणून कॉम्प्युटर सोबत नेला. सकाळी आबांना फोन केला, तर म्हणाले, “काम करायचं तर घरात ये. घरातनं दाबीन.” आईनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. ती न खाताच दुपारच्या एसटीनं परत आले. तुम्हाला हे मी कळवलं नव्हतं.

ऑफिसातल्या सई मॅडम म्हणाल्या, नंबर बदलता येईल, फक्त जुन्या फोनवर एकदा शेवटचा ‘हो’ लागेल. आबांना तीनदा विनवलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, “आज नंबर, उद्या पुणं. मग मी काय म्हशीसंगं बोलत बसू व्हय?” मी म्हटलं, पुण्याचं कुणी काढलं? खोटं बोलले. पुण्याच्या ऑफिसातली जागा मी आधीच मागून ठेवलीय. एक तारखेपासून मिळतेय, फक्त तुम्हाला विचारलं नव्हतं.

सोमवारी आबा अंघोळीला गेले. फोन चार्जिंगला होता. मी ‘हो’ दाबला.

मंगळवारी नऊ वाजता ते चष्मा लावून बसले. फोन काही विचारेना. धोतरानं पुसला, हलवून बघितला. मी म्हटलं, कंपनीचं काहीतरी बिघडलंय. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर उघडायची छाती झाली नाही, म्हणून रजा टाकली. बुधवारी तेच. आज ते स्वयंपाकघराच्या दारात आले. “काढली व्हय तुला? माझ्यापायी?” म्हणाले. मी भाकरी थापत राहिले. आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. भोगा आता, असं वाटलं. इतकी दुष्ट झालेय मी.

मग म्हणाले, “त्या मॅडमचा नंबर दे. मी बोलतो.” नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? दिला. बाहेर ओसरीवरून ऐकू येत होतं. “बाई, पोरीची काय चूक न्हाई, म्हातारं चुकलं. तिला घ्या परत. मी रोज दाबतो. न्याहारीच्या आधी दाबतो.” माझ्यासाठी एवढं कुणी कधी कुणाच्या पाया पडलं नव्हतं हो. मग नुसतं “बरं, बरं” म्हणाले.

आत आले आणि म्हणाले, “सोमवारी माझ्या फोनवरनं हो गेलाय म्हंत्यात. पुण्याची जागाबी पक्की हाय म्हणं.” मी तव्यावरची भाकरी उलटली. “सोमवारी तर मी अंघोळीला हुतो,” एवढंच म्हणाले. मी रडायला लागले तर म्हणाले, “वाढ.”

जेवले. मग उठून स्वतःचं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. तुम्ही त्यांना जन्मात असं करताना बघितलंय का? मी म्हटलं, आबा, ठेवा, मी घेते. म्हणाले, “राहू दे. सवय लावाय पायजे.”

आता मला कुणी अडवत नाही. एक तारखेला जा म्हणालेत, बॅग माळ्यावरून काढूनही दिली. ती दारातच उघडी पडलीय आणि माझ्यानं तिच्यात साडी ठेववत नाही. राहिले तर कायमची राहीन, हे मला कळतंय. गेले तर ते ताट डोळ्यांसमोरून हलायचं नाही.

हे पत्र तुमच्यापर्यंत यायला दहा दिवस लागतील, म्हणजे तुमचं उत्तर काही वेळेत यायचं नाही. म्हणून तुम्हाला विचारत नाही, नुसतं सांगतेय. सहा वर्षं तुमच्या वडिलांजवळ तुमच्या जागी मी होते.

तुमचीच, पण आता थकलेली,
शिवांजली