मेळ्यासाठी बोलावलेली मेंढरं

१४ डिसेंबर १९९७, दुपार
न्हाई बाई, मी कुनाच्या मागं लागले न्हवते. तीच आली. सांगलीच्या विश्रामबागची प्रांजल, खांद्याला दोन झोळ्या, पायात टायरच्या चपला. जानेवारीत आमच्या माळावर मेळा भरवनार म्हनं. गानं, नाच, चित्रं, मातीची भांडी. प्लास्टिक न्हाई, थर्माकोल न्हाई. निसर्गाला धरून कसं जगायचं ते शहरातल्या लोकास्नी दाखवायचं. मी म्हनलं, आमी धनगरं तेच करतोय की जनमभर, फकस्त तिकीट लावलं न्हाई. लय हसली. ही वही दिली, रोज लिवा म्हनली. चौथी पास म्हातारी लिवती ह्याचं तिला कौतिक.
ठरवलं: जात्यावरच्या ओव्या मीच म्हननार. माइकवर.

१७ डिसेंबर
प्रांजलला धनगराचा खरा तळ पायजे. मेंढरं, ती कोंडायचं जाळं, घोडं, बिऱ्हाड, समदं. आमचा तळ तर लांब कृष्णाकाठी. ल्योक मल्हार दसऱ्यालाच साठ मेंढरं घिऊन कराडकडं गेलाय. लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांला, दानं आमाला. जूनबिगर परत येत न्हाई. मी प्रांजलला म्हनलं, येतोय की, आईचा शब्द मोडनारा न्हाई.
त्याला अजून सांगितलं न्हाई. उद्या.

१९ डिसेंबर
मल्हारला कार्ड टाकलं. नुसतं ये म्हनून येनार न्हाई, तवा थोडं वाढवून लिवलं. आई अंथरुनाला खिळली, बिऱ्हाडासकट ये, तोंड बघून जा. अगदीच खोटं न्हाई. काल तीनदा शिंकले.

२७ डिसेंबर
शेजारचा नाथाजी दारात काठी आपटत उभा. आमच्या ह्यांच्या बरोबरीचा. ह्ये जाऊन सात वर्सं झाली, हा अजून हाय. म्हनला, माळाला गवताचं पातं न्हाई. भवतालची ज्वारी गुडघ्याला यिऊन वाळली आन आता बुडातनं परत फुटलीया. असलं फुटवं मेंढरानं खाल्लं की इख हुतंय, घटकाभरात आडवं. मल्हारला गुंठाभर जमीन न्हाई, ती मेंढरंच त्याची शेती, त्याला बोलवू नगंस.
मी म्हनलं, तुमाला ढोल वाजवायला बोलावलं न्हाई म्हनून पोटात दुखतंय व्हय? निघून गेला. लय जिरवली. मला शिकवतोय. ह्या हातानं मेंढरं राखल्यात मी.

३ जानेवारी १९९८
मल्हार आला. आठ दिस चालत. सून रडत आत आली, तवा मी चुलीपुढं भाकरी खात हुते. मल्हारनं माझ्या हातातल्या भाकरीकडं बघितलं. मग मेंढराकडं गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
वाटंत दोन कोकरं मेली. कोकरं मरत्यातच.

६ जानेवारी
मेंढरं माळावर कोंडल्यात. वरडून वरडून आता वरडायचीबी थांबली. कुत्रं ज्वारीच्या बांधाकडं तोंड करून बसलंय, भाकरी टाकली तरी उठत न्हाई. वर घारी फिरत्यात. त्यांलाबी आवतान गेलेलं दिसतंय.
मल्हार म्हनला, उद्या परत निघतो. मी म्हनलं, चार दिस थांब, मेळ्याच्या कार्डावर नाव छापलंय माझं. मग कार्ड नीट वाचलं. 'स्थानिक महिला' असं हाय. ती मीच.

९ जानेवारी
पुन्याची पोरं आली, तीसभर. ग्वाड हायती. कमान करनार, समदी हिरवी, शेतातलीच. त्यास्नी सांगायचं हाय की बांधाकडची ज्वारी तोडू नगा, तोडली तर मेंढरापतुर आनू नगा. आज च्या करन्यातच दिस गेला. उद्या पयलं काम ते.
जाळ्यातनं सोडली की मेंढरं बांधाकडं जात्यात, मल्हार दिसभर मागं वळवतोय. जेवला न्हाई.

१० जानेवारी, सकाळी ७
आज! इरकल नेसले. मल्हारला म्हनलं, माझी ओवी ऐकायला फुडं यिऊन बस, मेंढरं काय पळून जात न्हाईत. नगं म्हनत हुता. हात धरून आनला. पोरास्नी सांगायचं ते ओव्या झाल्यावर सांगते, आता घसा बसंल.

११ जानेवारी
एकोनचाळीस.
कमानीला आनलेलं ज्वारीचं फुटवं उरलं. मेंढरं भुकेली दिसली म्हनून पोरांनी जाळ्यात टाकलं. माया केली त्यांनी. मल्हार पळत गेला तवर तोंडाला फेस, पाय ताठ. नाथाजी गुळाचं पानी पाजत एकाकडनं दुसऱ्याकडं. जनावराचा डाक्टर आटपाडीवरनं आला तवा औशिद पाजावं असं काय उरलं न्हवतं. मल्हार एकेकाचं डोकं मांडीवर घिऊन बसला हुता. नावानं हाका मारत.
प्रांजल मातीत बसलेली. म्हनली, "आजी, आम्हाला कुणीच सांगितलं नाही हो."
मी म्हनलं, गर्दीत राहून गेलं. गर्दी हुतीच तशी.

१३ जानेवारी
मेळा उठला. कमान तशीच हाय, वाळली.
आज सकाळी मल्हार उरलेली मेंढरं घिऊन गेला. सून फुडं निघून गेलेली. माझ्या पाया पडला न्हाई. जाताना एवढंच इचारलं, "आई, स्टेजवरनं जाळं दिसत न्हवतं तुला?"
मी म्हनलं, ऊन तोंडावर हुतं रं.
ऊन पाठीवर हुतं. पुन्याची एक पोरगी हिरवा भारा घिऊन जाळ्याकडं निघाली तवाच मी वळखलं. तिसरी ओवी चालू हुती. लोक टाळ्या वाजवत हुतं.
मी चौथी म्हनली.