सील नंबर एकेचाळीस

मी सिताराम लिंबाजी वाव्हळे, वय वर्षे साठ, धर्म बौद्ध, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, पूर्वी रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर, आता पेन्शनर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणाचा दाब नाही, कोणाची भीड नाही. डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी गेली आहे. हिवाळा निघेल का, असे विचारले की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात, त्यावरून मी काय ते समजलो. कचेरीबाहेरचा अर्जनवीस सर्व लिहून देतो म्हणत होता, पण यातली एक गोष्ट मला दुसऱ्याच्या हाताने लिहवायची नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते घर, विटांच्या तीन खोल्या व मागे पत्र्याची एक, यास पूर्वेस बोळ, पश्चिमेस रेल्वेची हद्द, उत्तरेस मोकळी जागा, दक्षिणेस आश्रुबा कांबळे यांचे घर व मधला कडुनिंब. हे घर माझी एकुलती मुलगी सत्यशीला, शिक्षिका, हल्ली मुक्काम जिंतूर, हिला द्यावे. कडुनिंब आश्रुबाचा की माझा यावर आम्ही बावीस वर्षे भांडलो. मी मेल्यावर तो त्याने खुशाल घ्यावा. पानगळीत झाडणेही मग त्यानेच करावे.

कलम २. पोस्टातली बचत सत्यशीलेची. माझ्यामागे जेवणावळ घालू नये. तिची आई सुलाबाई गेली तेव्हा जे लोक जेवून गेले त्यातले निम्मे पुन्हा दारात फिरकले नाहीत. मी त्यांची नावे लिहून ठेवली होती. ती यादी काल फाडली.

कलम ३. मायक्रोमीटर, पितळी पेटीतला, हाही सत्यशीलेला. ती शाळेत मराठी शिकवते, तिला त्याचा उपयोग नाही हे मला कळते. पण लहानपणी ती स्वतःचा केस त्यात धरून मोजायची आणि "अण्णा, तीन थाऊ!" म्हणून ओरडायची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शेडमध्ये इतके बरोबर माप घेणारे मोठे लोकही मी थोडेच पाहिले. लांब दांड्याची सांडशी कडूबाई ओतारणीस द्यावी. ती दोन वर्षे मागते आहे आणि मी दोन वर्षे "सापडत नाही" म्हणतो आहे. सांडशी माझ्या खाटेखाली आहे.

कलम ४. मागच्या पत्र्याच्या खोलीत ताडपत्रीखाली आठ सिलिंडरचे एक इंजिन आहे. त्याची हकीकत लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळायची नाहीत.

पिंगळीचे दत्तराव बळीराम ढगे, मोठे कापसाचे शेतकरी, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान, सन सत्तर साली पंपाचा दट्ट्या दुरुस्त करून घ्यायला माझ्याकडे आले आणि मग चार वर्षे गेलेच नाहीत. त्यांनी कुठल्याशा मासिकात परदेशातल्या शर्यतीचे चित्र पाहिले होते. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, वळण नाही, आणि सारा खेळ बारा-चौदा सेकंदांत आटोपणार. "सितारामभाऊ, आपुन असं इंजन बनवू," म्हणाले. मी म्हटले, "आपण म्हणजे मी." ते हसले. त्यांचे हसू फार मोकळे होते.

इंजिन लष्कराच्या लिलावातल्या ट्रकचे. बैलगाडीवर आणले. त्यावर बसवायला हवा कोंबणारे यंत्र भंगारात मिळाले. त्याला आम्ही भाता म्हणायचो. लोहाराचा भाता आगीला वारा घालतो, तसा हा इंजिनाला घालतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आत लाटण्यासारखे दोन पिळाचे रूळ एकमेकांना न शिवता फिरतात. त्यांच्यातली फट मी एस. टी.च्या तिकिटाच्या कागदाने मापायचो. थंड असताना बरोबर लागे, तापले की रूळ एकमेकांना घासत. ती फट जमायला अकरा महिने गेले. बाकी काही बाजारात मिळत नव्हते. दट्टे, खिळी, पुली मी ड्यूटी सुटल्यावर शेडच्या लेथवर स्वतः कातून काढली. पट्टे जिनिंगमधले. भात्याखालची हवेची पेटी कडूबाईने मोडकी पातेली वितळवून ओतली. तीन वेळा धातूत बुडबुडे राहिले, चौथ्यांदा तिने हातातली पेटी ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाली, "आता हिला घिऊन जा, न्हाईतर मी तुलाच भट्टीत घालीन."

त्या पेटीवर मी बॉयलरवर असतो तसा सेफ्टी व्हॉल्व बसवला. इंजिनातली आग कधी उलटी पेटीत आली तर व्हॉल्वने उघडून दाब बाहेर सोडायचा. त्याची स्प्रिंग मी लावली, वरून तार ओवली, आणि तारेवर शिशाचे सील मारून त्यावर माझा शेडमधला नंबर ठोकला. एकेचाळीस. शेडचा रिवाज असा की सील केलेल्या व्हॉल्वला ड्रायव्हर कधी हात लावत नाही. तो फक्त सील बघतो. आणि फिटरला सील तोडायचे तर दुसरा माणूस समोर लागतो.

हे इंजिन विकू नये. सुटे करून भंगारात द्यावे. पेटीचे तुकडे मी गोळा करून पोत्यात ठेवले आहेत, ते कडूबाईला द्यावेत. तिने त्यांची उघडी ताटे करावीत. झाकण लागेल असे काही करू नये.

कलम ५. दत्तरावांबरोबर मी एका ताटात भाकरी खाल्ली. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी कुसुमबाई यांनी मला बिनकानाच्या वेगळ्या कपात चहा दिला. दत्तरावांनी आपला कप माझ्यापुढे सरकवला आणि तो बिनकानाचा स्वतः उचलला. पुढच्या खेपेला तो कप दिसला नाही. कुसुमबाईंनीच फेकून दिला होता. तेव्हापासून मी त्यांना वहिनी म्हणतो.

फेब्रुवारी चौऱ्याहत्तरमध्ये हैदराबादकडच्या एका सोडून दिलेल्या विमानपट्टीवर शर्यत ठरली. आदल्या दिवशी पिंगळीत त्यांच्या अंगणात ते इंजिन बसवलेली गाडी ट्रकवर चढवली, तेव्हा वहिनींनी मला विचारले, "भाऊ, ह्यात जिवाला धोका कशाचा हाय?" मी मोठ्या ऐटीत तो व्हॉल्व दाखवला. म्हटले, हा जागेवर आहे तोवर धोका नाही, फक्त याला कोणी हात लावायचा नाही. वहिनींनी मुलीला बाहेर बोलावले. रुख्मिणी तेव्हा अकरा वर्षांची. दत्तरावांना तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्यांनी शपथ घ्यायला लावली. दत्तराव म्हणाले, "पोरीची आन, मी ह्याला हात लावणार न्हाई."

मला कोणी शपथ घातली नाही. फिटरला कोण शपथ घालतो?

कलम ६. आता जे लिहितो ते सत्य आहे व त्याला दुसरा साक्षीदार नाही.

सकाळच्या पहिल्या फेरीत आमची गाडी एका गाडीच्या लांबीने हरली. व्हॉल्व लवकर उघडत होता, हवा वाया जात होती, शीळ मला ऐकू येत होती. दत्तराव उतरले ते हसतच. "भाऊ, पयल्याच सालाला इतकं! फुडल्या साली बगू." त्यांना खरोखर काही वाटले नव्हते. मला वाटले. शेजारच्या पार्टीतला एकजण इंजिनाकडे बोट दाखवून "रेल का कबाड" म्हणाला, आणि सगळे हसले. चार वर्षांचे माझे काम, आणि ते हसले.

दुपारी दत्तराव जेवायला गेले. मी भूक नाही म्हणून थांबलो. सील तोडले. समोर दुसरा माणूस नव्हता. व्हॉल्व उशिरा उघडावा म्हणून स्प्रिंग अर्धा आटा आवळली. मग आणखी अर्धा. बॉयलरवर मी जन्मभर काम केले. बॉयलरचे लोखंड जाड, त्याचा दाब हळूहळू चढतो, तिथे एका आट्याने काही बिघडत नाही. मी तोच हिशोब पातेल्यांच्या धातूला लावला. वाफ सांगून सवरून येते, पेट्रोल सांगत नाही, हे मला कळायला हवे होते. कळत होते, असेच आता वाटते. मग मी नवीन सील मारले आणि त्यावर एकेचाळीस ठोकला.

दत्तराव आले. रिवाजाप्रमाणे वाकून सीलवर बोट फिरवले. "सील हाय न्हवं? मग मला काय बगायचंय," म्हणाले आणि बसले. त्या गाडीत बसायची जागा इंजिनाच्या मागे होती.

निम्म्या वाटेत आग उलटली. व्हॉल्व उघडला नाही. पेटी फुटली आणि भाता त्यांच्यावर गेला. मी धावत पोहोचलो तेव्हा ते संपले होते. सील मातीत पडले होते. मी आधी ते उचलले. दत्तरावांना नंतर हात लावला. हे मी कोणालाही सांगितलेले नाही, आणि माझ्या आयुष्यात याहून नीच काम मी केलेले नाही.

पोलिसांनी विचारले, व्हॉल्व कोणी आवळला. मी म्हणालो, माहीत नाही, मी जेवायला गेलो होतो. मग लोकच म्हणू लागले की हरल्यावर दत्तरावांना हाव सुटली. मी गप्प बसलो. पेन्शनला दोन वर्षे होती, शेडचा लेथ चोरून वापरला होता, आणि पिंगळीच्या पाटीलघरचा माणूस आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातून मेला म्हटल्यावर वस्तीवर काय आले असते, ही भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण फक्त तिच्यामुळे गप्प बसलो असे लिहिले तर तेही खोटे होईल. माझा हात चुकला, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचे नव्हते. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटे न बोलण्याच्या, माझा आवाज बसतो. लोकांना वाटते शेडमधल्या धुरामुळे.

कलम ७. सदर सील माझ्या ट्रंकेत जुन्या पगारचिठ्ठ्यांखाली काडेपेटीत आहे. मी मेल्यावर सत्यशीलेने ते पिंगळीस नेऊन कुसुमबाई दत्तराव ढगे यांस द्यावे, व कलम सहा त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र लिहून, वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

पूर्णा, दिनांक ६ नोव्हेंबर १९७८.
सिताराम लिंबाजी वाव्हळे

पुरवणी

वरील मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले. आश्रुबा सही करून पेन खाली ठेवीना. म्हणाला, "म्हंजे तू निवांत मरणार, आन् बोलणी खायला पोरगी पिंगळीला जाणार?" मी म्हटले, सहीपुरता आला आहेस, सहीपुरते बोल. तो म्हणाला, "निंब तुझाच हाय, जा," आणि निघून गेला. बावीस वर्षांत तो मला इतके वाईट कधी टाकून बोलला नव्हता.

म्हणून काल मी स्वतः पॅसेंजरने पिंगळीस गेलो. स्टेशनापासून घरापर्यंत चार ठिकाणी बसावे लागले.

वहिनींनी चहा ठेवला. मी काडेपेटी पुढे केली आणि कलम सहामध्ये आहे ते सगळे सांगितले, सील आधी उचलले तेसुद्धा. त्यांनी काडेपेटी उघडून सील पाहिले. मग म्हणाल्या, "पाच वर्सं होत आली, मी त्यांच्या फोटूला हार घातला न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून खोटी शपथ घेतली म्हून. तिला नुसता ताप आला तरी वाटायचं, शपथ फळाला आली. दर शनिवारी उपास धरले. रात-रात त्यांना शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाला, भाऊ. मी त्यांच्यासाठी धड रडलेसुदिक न्हाई."

त्यांनी रुख्मिणीला हाक मारली. ती आता पंधरा-सोळा वर्षांची, बापासारखीच उंच. वहिनींनी सील तिच्या हातावर ठेवले. तिने मला विचारले, "ह्यावर काय हाय?" मी म्हणालो, एकेचाळीस, माझा नंबर. ती म्हणाली, "म्हंजे बाबांनी हात लावला नव्हता?" मी म्हणालो, नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्यांनी पाळली. फक्त सीलवर बोट फिरवले, विश्वासाने.

तिने आपला एक हात आपल्याच डोक्यावर ठेवला आणि तशीच बसून राहिली.

मी माफी मागितली. वहिनींनी फोटोवरची धूळ पदराने पुसायला घेतली होती. त्या मागे न वळता म्हणाल्या, "जावा आता, गाडीचा वखत झाला. आन् परत येऊ नका." चहा तसाच राहिला. कप घरातलाच होता, कानाचा.

तेव्हा कलम सात रद्द समजावे. ते सील आता माझ्या मिळकतीत नाही.

शेवटची सूचना सत्यशीलेस: माझ्या अंत्यविधीला पिंगळीहून कोणी येणार नाही. कोणाची वाट पाहू नये व प्रेत ताटकळत ठेवू नये. तरी सकाळची पॅसेंजर येऊन जाईपर्यंत थांबावे. ती बहुधा उशिरा येते.

पूर्णा, दिनांक ९ नोव्हेंबर १९७८.
सिताराम लिंबाजी वाव्हळे

साक्षीदार, मृत्युपत्र व पुरवणी दोन्हीस:
१. आश्रुबा सखाराम कांबळे, निवृत्त बॉयलरमेकर, पूर्णा (सही)
२. चांगुणाबाई गणपत खिल्लारे, पूर्णा (डाव्या अंगठ्याची निशाणी)