चुलीपुढची जागा

आन आत्याबाई, माझ्या पुढ्यातली परात उचलून न्यायची म्हंजे काय? तुमच्या नातसुनेनं काल नेली. उजव्या हातात जोर न्हाय म्हणून डाव्यानं पीठ मळत होते, तेवढ्यात रडू फुटलं. झालं! "आई, उठा, तुम्हाला सोसत न्हाय." अंगावरून वारं गेल्यापासून माझं हे असंच हाय. टीव्हीत कुणाचं लगीन लागलं तरी डोळ्याला पाणी. डॉक्टरनं समद्यांदेखत सांगितलं, मेंदूला मार बसलाय, रडू आपोआप येतं. ऐकतंय कोण? मी रडले की हातातलं काम जातं. आधी विळी गेली, मग शेळीची धार, आता परात. आन खाटंवर बसवून विचारतात, "बरं वाटतंय का?" कसं वाटंल?

मार्गशीर्षाची अवस, आपली येळवस, आठवड्यावर आलीय. शेतात पूजेला कडब्याची कोपी घालतील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकाची आंबील, बाजरीचे उंडे घेऊन समदं गाव रानात जाईल. लेक म्हणतो, "आई, तू यंदा घरीच थांब. पाव्हण्यांपुढं रडलीस तर लोक म्हणतील, म्हातारीला जाच हाय." मी म्हणले, "तुझ्या लग्नात रडले तवा न्हाय कुणी घरी ठिवलं!" तुमचा लेक आन नातू, दोघं हसले. मी बी हसले, आन हसता हसता रडू आलं. मग पक्कंच झालं, थांबायचं.

मी नवी नवरी होते तवा माहेरच्या आठवणीनं हुंदके देत भाकरी थापत होते. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "रडायचं तर इथंच रड. कुणी इचारलं तर धूर झाला म्हण. पण भाकर करपली तर बघ." लई राग आला होता तुमचा. आता कळतंय, तुम्ही मला उठवलं न्हाय.

हाताला वळण यावं म्हणून डॉक्टरनं रोज पानभर लिहायला सांगितलंय. चौथी शिकलेली मी, लिहू कुणाला? म्हणून तुम्हाला, हार घातलेल्या फोटोतल्या माझ्या सासूला. हे पान उशाखालीच राहणार, म्हणून सांगते. काल पीठ मळताना आलेलं रडू आजाराचं होतं. परात नेल्यावर आलं ते माझं होतं. दोन्हीला मी आजारच म्हणले. घरात आता गॅस हाय, धूर कुठनं आणू?

रानात भज्जी ऊन करायला तीन दगडांची चूल मांडतात. तिथं धूर असतो. त्या चुलीपुढं मी बसायचं का न्हाय, ते येळवशीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत सांगा. गप राहिलात तर व्हय म्हणलात असं धरीन, आन सकाळी सगळ्यांच्या आधी ट्रॅक्टरवर चढून बसीन.