मागे सरका, अख्खे दिसाल

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. विचार करणाऱ्या माणसाने ठेवावी. मी बरीच वर्षं विचार करतोय, नोंद नव्हती.

दुकानात आरसा लावला. तीन फूट उंच, लाकडी चौकट, दोघांनी उचलावा असा. वडिलांनी ठोकलेला एक खिळा भिंतीत होता, त्यालाच टांगला. ही म्हणाली, जरा उंच नाही का झाला? मी म्हटलं, आरसा उंचच हवा. बघणाऱ्याची मान वर होते, छाती पुढे येते, कोट खुलतो. शिवाय नवा खिळा म्हणजे वडिलांवर अविश्वास.

समोर तयार कपड्यांचं दुकान निघालंय. मालक दिवसभर हँगर हातात घेऊन दारात उभा. मी त्याचं नाव हँगरशेठ ठेवलं. त्याच्याकडे चार आरसे आहेत. असू देत. माझ्याकडे हात आहे.

मंगळवार, ५ मार्च
आरशासमोरची पहिली ट्रायल. पँट झकास बसली होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं आणि गुडघ्यापर्यंतच दिसलं. म्हणाला, मास्तर, पँट खाली कुठे संपते ते दिसत नाही. मी म्हटलं, मागे सरका, अख्खे दिसाल. सरकला. गुडघे. आणखी सरकला. गुडघे. पाठ भिंतीला टेकली, तरी गुडघे. म्हणाला, या आरशाला माझे पाय बघवत नाहीत वाटतं.

निष्कर्ष: दुकान आखूड आहे.

गुरुवार, ७ मार्च
दुकानामागची खोली हिची. खिडकीपाशी मशीन, दाराला पडदा. ही तिथे ब्लाउज शिवते. बायकांची ये-जा सकाळपासून चालू असते. पण ती आपली किरकोळ कामं. दुकानाचं नाव आहे ते माझ्या कोटांवर. (यंदा कोट एक. माझाच.)

हिच्याकडे एक शाळेतल्या बाई येतात, विज्ञान शिकवतात. त्यांना सहज आरशाचं विचारलं. म्हणाल्या, चेंडू भिंतीवर जितका तिरका मारावा तितकाच तिरका परत येतो, उजेडाचं तसंच. आणि आपण आरशाच्या जितके पुढे, तितकंच आपलं रूप आरशाच्या मागे. आपण मागे सरकलो की तेही मागे सरकतं. बाई पुढे "म्हणूनच मास्तर, मागे सरकून काही—" असं सांगत होत्या, पण तोवर माझ्या सगळं लक्षात आलं होतं.

माझं दुकान दहा फूट. आरशाच्या मागे आणखी दहा. म्हणजे वीस! हँगरशेठचं जेमतेम पंधरा. हिला सांगितलं. ही म्हणाली, मग त्या मागच्या दहा फुटांत तुमचे चिंध्यांचे गठ्ठे ठेवा, इथे पाय ठेवायला जागा नाही.

शुक्रवार, ८ मार्च
एका शर्टाचा खिसा उजवीकडे बसला. गिऱ्हाईक तापलं. मी त्याला शांतपणे आरशासमोर उभं केलं आणि दाखवलं की आरशातल्या माणसाचा खिसा डावीकडेच आहे. तो म्हणाला, मग शिलाई त्याच्याकडूनच घ्या. आणि गेला.

लोकांना विज्ञान पचत नाही.

सोमवार, ११ मार्च
मोठी बातमी. चौकात हॉटेल उघडतंय. तिथला मॅनेजर स्वतः आला होता. आधी त्याचा एक सूट शिवायचा. तो पसंत पडला तर सगळ्या वेटरांचे, दरवानांचे, झाडून सगळ्यांचे गणवेश माझ्याकडे. ट्रायल शनिवारी.

ही हातातलं काम टाकून बाहेर आली. म्हणाली, अहो, दुकानाचं भाडं किती दिवस माझ्या ब्लाउजांवर निघतंय, ठाऊक आहे ना? एवढी ऑर्डर हातची घालवू नका. नीट शिवा आणि तोंड जरा कमी चालवा. मी म्हटलं, सूटची चिंता नाही. प्रश्न अंतराचा आहे. मॅनेजर सहा फुटी. त्याला अख्खं दिसायला मागे भरपूर जागा हवी.

मधली भिंत पाडावी लागणार.

मंगळवार, १२ मार्च
हिला सांगितलं. मशीन थांबलं. म्हणाली, मग मी कुठे बसू? मी म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाली, बायका मापं द्यायला शेगडीपाशी येतील का? मी म्हटलं, थोडे दिवस कळ काढ, ऑर्डर आली की तुला नवी खोली बांधून देतो. हिने मशीन पुन्हा सुरू केलं.

पटलं असावं.

गुरुवार, १४ मार्च
गवंडी आला. पहिला घाव घालण्याआधी म्हणाला, वहिनींना विचारलंत ना? मी म्हटलं, तू भिंत बघ. दुपारपर्यंत भिंत भुईसपाट. हिचे तयार ब्लाउज धुळीने एकाच रंगाचे झाले. पडद्याचा दांडा मी जपून ठेवलाय, एवढं तरी तिने लक्षात घ्यावं.

संध्याकाळी मागच्या टोकाला उभा राहून बघितलं. मी लहान दिसलो. पण आरसाही तेवढाच लहान दिसला! दोघं मिळून लहान झालो आणि पुन्हा गुडघ्यांशी येऊन थांबलो. हा शुद्ध वात्रटपणा आहे.

निष्कर्ष: वीस फूटही कमीच. पण मागच्या दाराबाहेर अंगण आहे.

शनिवार, १६ मार्च, सकाळी
सूट तयार. असा सूट मी जन्मात शिवला नाही. खिसाही जिथल्या तिथे. मागचं दार उघडून ठेवलंय. आज हँगरशेठ बघत राहील.

शनिवार, १६ मार्च, दुपारी
झालं ते असं. मॅनेजरने सूट चढवला. खूश! म्हणाला, मास्तर, खांदे अगदी मला हवे तसे. मी तेव्हाच गप्प बसलो असतो तर— पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, साहेब, मागे सरका, अख्खे दिसाल. सरकले. म्हटलं, आणखी. हिची जागा ओलांडली, दार ओलांडलं. आरशात नजर लावून उलटे चालणारे गृहस्थ, मोठे सज्जन. अंगणात मी अस्तराचं कापड भिजत घातलेला टब होता. तो हलवायचा राहिला. माझं लक्ष पूर्णपणे गुडघ्यांवर होतं.

टबात बसल्या बसल्या त्यांनी मला जे म्हटलं ते लिहीत नाही. तसेच निथळत रस्ता ओलांडून समोर गेले. कोरडी पँट घ्यायला.

ही दारात उभी होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १८ मार्च
हिने मशीन हलवलं. हँगरशेठने आपल्या दुकानात खिडकीजवळचा कोपरा दिलाय, कपडे उसवून अंगासरसे बेतून द्यायच्या कामासाठी. पडद्यासकट. जेवायला घरी असते. भाजी हवी का विचारते, त्यापुढे नाही.

जाताना तिने विज्ञानाच्या बाईंच्या मदतीने आरसा उतरवला, फूटभर खाली नवा खिळा ठोकला, पुन्हा टांगला. बाई म्हणाल्या, मास्तर, पायांकडून निघालेला उजेड पाय आणि डोळे यांच्या बरोबर मध्यावर आरशाला लागून डोळ्यांत येतो. आरशाची खालची कड त्या मध्याच्या वर असली, तर गाव सोडून मागे गेलात तरी पाय दिसायचे नाहीत. नीट टांगला तर माणसाच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. मी म्हटलं, मी हे सुचवणारच होतो. ही म्हणाली, हो, भिंत पाडून झाल्यावर.

दोन पावलांवर उभा राहिलो. टकलापासून चपलांपर्यंत अख्खा दिसलो. फार वेळ बघवलं नाही.

गुरुवार, २१ मार्च
दुकान ऐसपैस झालंय. वारा छान खेळतो. त्याला अडवायला कोणी नाही.

मंगळवार, २६ मार्च
हॉटेलची ऑर्डर शेवटी माझ्या दुकानात आली! मी म्हणतच होतो. म्हणजे कापलं समोर, शिवतेय ही, आणि काज-बटणं माझ्याकडे.

गठ्ठा घेऊन ही स्वतः आली. बसली नाही. पहिल्या शर्टाचं काज डोळ्यांजवळ नेऊन तपासलं, जरा सैल आहे म्हणाली. मी चहाचं विचारलं. म्हणाली, समोर माणसं खोळंबली आहेत. मग दारातून वळली, मला वाटलं आता काहीतरी घरचं बोलेल.

म्हणाली, "संध्याकाळपर्यंत द्या हं, मास्तर."