एका हाताचं विमान

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस, म्हणून पत्र. तुझ्या सांगण्यावरून त्या दाताच्या डॉक्टरांकडे रेडिओवर उडवायचं खेळातलं विमान बघायला जाऊन आलो. त्यांची खुर्ची दिसताच माझ्या जबड्यात कळ आलीच. पण मान वर केली आणि ती वरच राहिली. छताला ग्लायडर टांगलेत, काहींचे पंख माझ्याहून लांब, आणि एकालाही इंजिन नाही! डॉक्टर म्हणाले, पेशंटला तोंड उघडा म्हणून सांगावंच लागत नाही.

त्यांना दोन विकायची आहेत. एक पांढरं, गुळगुळीत, पंखांना हलत्या झडपा असलेलं. दुसरं जुनं, लाकडी, वर पातळ पिवळं आवरण. उजेडात धरलं की आतल्या फासळ्या दिसतात. एका पंखाला ठिगळ आहे. जमिनीवरून विमान चालवायचे रेडिओही दोन, एक वापरलेला, एक नवा. मला सोफ्यांची कव्हरं शिवण्यापलीकडे काय कळतं? चौथीतून काढलेला माणूस मी. आणि तू म्हणतोस, यावेळी एका हाताने उडवणं जमलं नाही तर विमानांचं सगळं सामान विकून टाकीन. भावजय सांगते, अर्धांगाने डावा हात गेला, चालायला काठी लागली, तेव्हापासून तू घराबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. चुकीचं विमान घेतलं तर मी तोंड कुठे लपवू? लवकर कळव.

तुझ्या काळजीने झोप उडालेला,
दादा

ता. ११ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पांढऱ्याच्या नादी लागू नकोस. ते नवरदेवासारखं आहे, त्याची सरबराई दोन्ही हातांनी करावी लागते. लाकडी घे. त्याला दोनच गोष्टी लागतात, वळवणं आणि वर-खाली करणं. रेडिओच्या उजव्या दांडीवर दोन्ही बसतात. एका हाताचं काम. ठिगळाची भीती नको, फक्त पंख मागून डोळ्यासमोर धरून बघ, पिळलेला नसावा. रेडिओ मात्र नवाच घे. लाकूड म्हातारं झालं तरी चालतं, रेडिओ हवेत असताना मुका झाला की संपलं.

आणि दादा, हात जोडून सांगतो (एकच जोडला जातो, गोड मानून घे), तू त्यात काहीही दुरुस्त करू नकोस. मला तुझे हात माहीत आहेत.

तुझा,
धाकटा

ता. २० जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. तोवर लाकडी मीच पसंत करून घरी आणलं होतं, कारण ते शिवलेल्या वस्तूसारखं ओळखीचं वाटलं. आणि त्याची शेपटी इतकी नाजूक की पार्सलात मोडेल, या धास्तीने मी तिला सरस लावून आतून-बाहेरून कापड चिकटवलं. अगदी सोफ्याच्या कोपऱ्यासारखं पक्कं.

मग डॉक्टरांना दाखवायला नेलं. त्यांनी पंखांखाली दोन बोटं धरली तर शेपटी धाडकन खाली. मग मला समजावलं, शेपटीत चिमूटभर वजन वाढलं की नाकात मूठभर शिसं भरावं लागतं, नाहीतर ते नाक वर करून कोसळतं. त्यांनी दातांवरची घाण खरवडायची सळई घेतली आणि सगळं कापड सोलून काढलं. वर म्हणाले, मोठ्या भावाचं कीटण फार चिवट असतं.

काल त्यांच्याबरोबर टेकडीवर गेलो. विमान माझ्या हातात दिलं, वाऱ्याच्या तोंडावर सरळ सोडा म्हणाले. स्वतःचा डावा हात त्यांनी मुद्दाम कोटाच्या खिशात घातला, तुझ्यासारखं एकाच हाताने रेडिओ चालवून बघायला. मी सोडलं. वाटलं, गेलं. ते खाली गेलंच नाही रे! आवाज नाही, धूर नाही, काही नाही. नुसतं वर चढत राहिलं, जसं कुणी तळहातावर घेऊन उचलतंय. एक घार आली आणि त्याच्या शेजारी गोल फिरू लागली. पंखांतून ऊन आरपार येत होतं, प्रत्येक फासळी मोजता आली असती. इतकी वर्षं ही हवा मी नाकाने आत-बाहेर करतोय, तिच्यात एवढं बळ आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर काहीतरी विचारत होते, मला ऐकूच आलं नाही. टोपी कधी काढून हातात घेतली तेही कळलं नाही.

विमान आणि नवा रेडिओ पार्सलने पाठवतोय, सोबत रेडिओ गळ्यात अडकवायला चामडी पट्टा शिवलाय. बस, एवढंच केलंय, शपथ. आता घाबरायची पाळी तुझी.

तुझा,
दादा

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पट्टा मापात बसला. काल हिने मला गाडीतून टेकडीवर नेलं. विमान हिनेच सोडलं. माझा अंगठा दांडीवर थरथरत होता, म्हणून तेही आधी थरथरलं. मग वाऱ्याने धरलं आणि आम्ही दोघंही शांत झालो. हिने खाली कधी आणणार म्हणून विचारलं, मी आणखी एक फेरी मारली.

उतरवताना अंदाज चुकला. ते उताराच्या पार तळाशी गवतात टेकलं. ही आणायला निघाली. मी तिला थांबवलं आणि काठी टेकत स्वतः खाली गेलो. तिथे गेल्यावर अडचण कळली. हात एक, त्यात काठी. विमान कशात धरू?

काठी गवतात टाकली, दादा. विमान काखेत मारलं आणि वर चालत आलो. सावकाश, पण आलो. वर पोचलो तेव्हा ही रडत होती आणि मला वेडा म्हणत होती.

लोभ आहेच, तो असाच राहू दे. पुढच्या महिन्यात ये. सोडायला मला तूच हवा आहेस.

तुझा,
धाकटा