न मळलेला पाव

अहो,

मी भावाकडे जातेय. न्यायला येऊ नका.

तुमच्या पहिल्या बायकोच्या बहिणीने पाठवलाय असं सांगून काल वाढलेला पाव खरं तर मीच भाजला होता. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "थेट तिचाच हात! असा हात पुन्हा होणे नाही." ती वारल्यावर या घरात आले तेव्हापासून मी मनगटं दुखेपर्यंत पीठ मळतेय, आणि तुम्ही पहिल्या घासालाच ताट सरकवता. "तिच्या हाताची सर नाही."

शेवटी तिच्या बहिणीलाच विचारलं, तर ती हसत सुटली. "ताई कुठली मळतेय! तिला पिठात हात घालायची किळस यायची." पीठ, मीठ, यीस्ट आणि पाणी चमच्याने ढवळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं आणि झाकण असलेल्या काचेच्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये भाजायचं. झालं. हात लागतच नाही.

आता तुम्हीच करत जा. भांडं ओट्यावर आहे, चमचा त्यातच ठेवलाय. रडू आलंच, तर त्या चमच्यासाठी रडा.