कण्याचं मागचं टोक

ताना बेरू, ४ जून १९९६

चि. बासो यास, अनेक आशीर्वाद.

गुरुवारी बाबांनी मला ओळखलं नाही, म्हणून हे पत्र. कोण हवंय, असं मलाच विचारलं. मी भात वाढला.

जेवल्याचंही ते विसरतात. आणि किनाऱ्यावर त्यांची नाव अर्धी उभी आहे. फळ्यांच्या नऊ रांगा चढल्या, सहा बाकी. आराखडा कागदावर कुठेच नाही. तो त्यांच्या डोक्यात, आणि डोकं आता असं. पुढे कोण बांधणार, म्हणून नावेचा मालक रोज विचारतो. मार्चमध्ये नावेच्या कण्याची, म्हणजे तळाच्या लांब लाकडाची, दोन्ही टोकं कापली तेव्हा पुढचं टोक त्यांनी रीतीप्रमाणे समुद्रात टाकलं. मागचं घरच्या बाईच्या हाती द्यायचं, म्हणजे समुद्रावर गेलेलं माणूस घरी परत येतं. आई गेल्यापासून ते नावेखालीच पडून राहतं.

त्यांना थांबवून तुझ्याकडे न्यावं, असं माझं मत आहे. आयुष्यभर परक्यांच्या जहाजांचे आराखडे काढलेस; एकदा बापाकडे बघ.

लोभ आहेच, तो कामाला लाव.

तुझी ताई,
रोस्मिना

सुराबाया, १३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे शाळेची घंटा. ताठ बसून वाचलं. बाबांना न्यायला २९ तारखेला येतो. सोबत आराखड्याचा मोठा कागद पाठवतोय. आठवतंय तेवढं त्यांच्याकडून काढून घे, म्हणजे त्यांचा जुना जोडीदार सांकाला नाव पुरी करेल. मोजून काम करा म्हणून चाळीस वर्षं तू त्यांच्याशी भांडलीस. शेवटी जिंकलीस म्हणायचं.

राग थोडा कमी कर, लोभ आहे तेवढाच ठेव.

तुझा,
बासो

ताना बेरू, २४ जून

चि. बासो यास, अ. आ.

न्यायला येऊ नकोस.

परवा कागद घेऊन किनाऱ्यावर गेले. बाबांनी तो उलटसुलट पाहिला आणि त्यात फळ्या जोडायच्या लाकडी खुंट्या गुंडाळल्या. सांकालाने नुकतीच दहाव्या रांगेची फळी बसवली होती. बाबांनी तिच्यावरून तळहात फिरवला आणि काढ म्हणाले. आधी म्हाताऱ्याला स्वतःचं नाव विचार, असं सांकाला मला म्हणाला. मीही चिडले होते. दोरी घेतली आणि दोन्ही बाजू मोजल्या. नऊही रांगांत डाव्या-उजव्यात जवाएवढाही फरक नाही. ती नवी फळी मात्र बोटभर रुंद. तीनदा मोजलं, आणि मग वाळूतच बसले.

लेक आठवत नाही त्या माणसाला अजून न बसवलेल्या फळ्यांसकट सगळी नाव आठवते. मी गणिताची पदवीधर, पण हे कसं ते मला सांगता येत नाही. असं लिहायची माझ्यावर ही पहिलीच वेळ.

सांकालाने निमूटपणे फळी काढली. बाबा नावेखाली वाकले, कण्याचा तो तुकडा उचलून माझ्यापाशी आले आणि आईच्या नावाने म्हणाले, "सित्ती, हे घरात ठेव. काम संपवून येतोच."

चौतीस वर्षं मी मुलांच्या वह्या दुरुस्त केल्या. ही चूक दुरुस्त केली नाही. बरं म्हटलं.

नाव पाण्यात उतरेल तेव्हा ये. तुझ्यावरचा लोभ सांभाळून ठेवला आहे, तो येऊन घे.

तुझी ताई,
रोस्मिना

ता. क. पोच: आराखड्याचा कागद, कोरा, खुंट्यांसह सांकालाकडे. कण्याचं मागचं टोक, एक वीत चार बोटं, २२ जूनला बाबांच्या हातून. घेणार सित्ती, सही माझी.